तळघर रिकामं करायचंय, आखाजीनंतर घर पाडणार. काय ठेवू, काय काढू?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. आमचं घर पारोळा तालुक्यात, खेड्यावर. धाब्याचं, मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, आणि माजघराखाली तळघर. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की घर पाडायचं आणि पावसाळ्याआधी नव्याचा पाया भरायचा, असं तिन्ही भावांचं ठरलंय. इंजिनिअर म्हणतो, तळघर मुरूम भरून बुजवावं लागेल. म्हणजे त्यात जे आहे ते वर आणणं आलं, आणि आणणार कोण? मी. कारण थोरली सून आणि गावातच राहते. सुरतचे दीर म्हणतात, "वहिनी, भंगारवाल्याला बोलवा, एका दिवसात मोकळं." नाशिकची जाऊ म्हणते, "अहो, आजकाल जुन्याला फार किंमत आहे, काही टाकू नका." दोघंही फोनवरूनच बोलतात.

आणि माय, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, तळघराच्या झडपेशी खुर्ची टाकून बसतात. वर येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एकच निकाल: "बठ्ठं ठी दे, कामे येई." (सगळं ठेवून दे, कामी येईल.) फुटक्या कंदिलालासुद्धा!

आता खाली काय काय आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला सल्ला देता येईल.

सासरे होते तोवर तिथे दादर ज्वारी आणि सरकी ठेवायचे. मोठी लोखंडी कोठी अजून आहे, माझ्या डोक्यापेक्षा उंच. वैशाखात म्हातारी माणसं दुपारी तिथेच निजायची, म्हणून एक बाज पण आहे, सुंभ कुजलेला. भांडी म्हणाल तर तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, दोन-तीन हंडे, लग्नाकार्याच्या पराती. पायली, अधोली, शेर अशी मापं. मांडे भाजायचं खापर, तेही शाबूत, गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. शेतीचं सामान तर विचारू नका: तिफण, तिचं चाडं, वखराच्या पासा, मोटेचं चाक आणि नाडा, गाडीच्या चाकाची धाव, पोळ्याच्या घुंगरमाळा. बैल जाऊन किती वर्षं झाली, आता ट्रॅक्टर सांगतो.

मग एक व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याच्या लायसनच्या पुस्तकासकट. भिंतीवरून उतरवलेलं सांबराचं शिंग. कोनाड्यात औषधाचे जुने डबे, फवारणीचे, लेबलं गळून गेलेली. आणि दोन पत्र्याच्या ट्रंका कागदांनी गच्च. वरच्या थरात लग्नपत्रिका आणि कापसाच्या पावत्या, खाली पिवळे झालेले स्टॅम्प, त्याच्याही खाली मोडीतलं काहीतरी. एकावर "पूर्व खानदेश" असा शिक्का वाचता आला. एका ट्रंकेच्या तळाला वाळवी लागलेली दिसते.

कानबाईचं सामान मी आधीच वेगळं काढून देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलंय, त्याची चर्चा नको.

नव्या घरात जागा मोजकी. माळा नाही, स्लॅब आहे. मला वस्तूंचा मोह नाही, पण डोळे मिटून फेकायला पण हात धजत नाही. भांड्यांवरून घरात आत्ताच कुरबुर सुरू झाली आहे. कुठून सुरुवात करू? आणि त्या कागदांचं काय करू? दीर म्हणतात रद्दी.

---

कावळा

आधी एवढंच सांगा, गुप्तधन निघालं का? 😄 आमच्या गावात कोणी तळघर उघडलं की निम्मं गाव ओट्यावर येऊन बसतं.

---

भाऊसाहेब (निवृत्त)

कावळेबुवा, हसू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दहा रुपये! कायदा केला तेव्हा ती रक्कम मोठी होती. ट्रंकेतली आजोबांची नाणी त्यात येत नाहीत, पण पाया खणताना मडकं लागलं तर ते येतं. पाडणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मडकं परस्पर जाईल आणि चौकशी तुमच्या दारात येईल.

आता मूळ प्रश्न. ताई, मी नोकरीभर तलाठी होतो, आमच्या भागात लोक भाऊसाहेब म्हणतात. तुमची यादी वाचली. भांडी, खापर, तिफण यांची चिंता सोडा. ती चुकून गेली तर हळहळ होईल, नुकसान होणार नाही. त्या दोन ट्रंका कुणालाही हात लावू देऊ नका. दिरांना तर मुळीच नाही.

मी नोकरीत असताना वाटण्या, वारसनोंदी, पडताळण्या यांत अडकलेली माणसं पाहिली. निम्म्यांचं घोडं एका कागदावर अडलेलं असायचं, आणि तो कागद "घर साफ केलं तेव्हा गेला" असं उत्तर यायचं.

पहिलं म्हणजे कुळकायद्याचा कागद. तुमच्या सासऱ्यांची किंवा आजेसासऱ्यांची जमीन कुळ म्हणून लागली असेल तर कलम ३२ म चं प्रमाणपत्र असणार. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्यानंतर किंमत ठरवून, हप्ते भरून कुळं मालक झाली, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर हे प्रमाणपत्र मिळालं. दिसायला अगदी साधा फॉर्म असतो. लोक तो पावत्यांबरोबर फेकतात.

दुसरं, मूळ खरेदीखतं, वाटणीपत्रं, मोजणीचे नकाशे, कोर्टाचे हुकूमनामे. सातबाऱ्याचे जुने उतारे मात्र फार जिवाला लावून घेऊ नका, त्याची नक्कल मिळते. कित्येक तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइनही आलेत.

तिसरं, आणि हे तरुणांना सांगावं लागतं: आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल, ज्यात जात लिहिलेली आहे असा कुठलाही जुना सरकारी कागद. जात पडताळणीला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०. नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा असतो तेव्हा सगळं घर तो दाखला शोधत फिरतं.

फेकायचं ते बिनधास्त फेका. कापसाच्या पावत्या बहुतेक एकाधिकार खरेदीच्या असतील, ती योजना १९७२ ला सुरू झाली. तो हिशेब कधीच मिटला. नमुना म्हणून एखादी ठेवा. लाइटची बिलं, खताच्या पावत्या, सोसायटीच्या जुन्या नोटिसा गेल्या तरी चालतील. कर्जाचा बेबाकी दाखला मात्र ठेवा. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा कधीकधी तसाच राहतो, तेव्हा तो दाखला कामी येतो.

आणि सांबरशिंग. ते विकू नका, कोणाला भेट देऊ नका, त्याचा फोटो इथे टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसतं. पूर्वजांचं असलं तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. घरी तो कागद नसेल तर वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन सरळ विचारा.

---

औषधवाला, चोपडा

माझं कृषी केंद्र आहे, म्हणून त्या डब्यांबद्दल लिहितो. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे आधी वाचा.

लेबल नसलेला डबा उघडू नका, हुंगू नका, हलवून बघू नका. कापसाच्या पट्ट्यात अशा तळघरांत काय निघतं ते मला माहीत आहे. एंड्रिन, बीएचसी, एंडोसल्फान. बीएचसीवर १९९७ ला बंदी आली, एंडोसल्फान २०११ ला सुप्रीम कोर्टाने बंद केलं. डबे मात्र कोनाड्यातच राहिले. बीएचसीची पावडर तर लोक धान्याच्या खोलीत कडेकडेने टाकायचे. तळघरातली धूळ नुसती धूळ समजू नका. झाडू मारण्याआधी थोडं पाणी शिंपडा, नाकाला चांगला मास्क, हातात रबरी मोजे, आणि लहान पोरं वरच.

पाणी शिंपडण्याआधी एक पाहा. कोठीत किंवा कोठीजवळ धान्यात ठेवायच्या गोळ्यांची ट्यूब किंवा डबी दिसते का? अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांना ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, बंद जागेत माणूस मरतो. तशी डबी दिसली तर पाणी बिलकुल नको. सगळे वर या, झडप उघडी ठेवा आणि कृषी अधिकाऱ्याला फोन करा.

उरलेले डबे उभेच एका प्लास्टिकच्या टबात ठेवा, भोवती कोरडी वाळू किंवा माती. टब कुलपात. मग तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून त्यांची विल्हेवाट लावा. नाल्यात ओतायचं नाही, विहिरीजवळ पुरायचं नाही, जाळायचं नाही, आणि भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचं नाही. तो पोरगा तो डबा धुऊन पाण्याला वापरेल.

अजून एक. तळघर बरेच दिवस बंद असेल तर उघडल्या उघडल्या उतरू नका. पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीतल्या कोठारात, माणसं गुदमरतात तशीच भीती इथेही. झडप आणि झरोका आदल्या दिवशी उघडून ठेवा, एकाने खाली, एकाने वर. उन्हाळ्यात थंडाव्याला नाग-मण्यारही तिथेच येतात. गमबूट घाला, बॅटरी घ्या, आणि सामानाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा.

---

लता_जळगाव

भाऊसाहेबांनी भांड्यांना दोन ओळीत निकालात काढलं, म्हणून मी लिहिते 😊

ताई, पितळ-तांब्याची वाटणी वजनावर करू नका. भांडणं तिथेच होतात, कारण घंगाळाचं वजन सगळ्यांना कळतं, ते रोज कोण घासणार ते कोणालाच नको असतं. आमच्याकडे मी सरळ विचारलं: कोण वापरणार? वापरणाऱ्याने न्यावं, आणि शोभेला हवं असणाऱ्याने नंतर. शोभेवाले निम्मे आपोआप गळाले.

वापरायची असतील तर पराती-हंड्यांना कल्हई हवीच. नाहीतर ताक, चिंचेचं सार सगळं कळकतं, आणि ते पोटातही चांगलं नाही. कल्हईवाला आता दारावर येत नाही, गाठावा लागतो. बंबाची नळी आणि शेगडी तपासा. बुडाला छिद्र असेल तर तो मोडीचाच माल.

खापर मात्र कोणाला देऊ नका!! असं शाबूत, तेलपाण्याने मुरलेलं खापर आता बाजारात मिळत नाही. मिळतं ते नवं, त्यावर पहिले काही मांडे फाटतातच. नव्या घरात चूल नसेल तर अंगणात तीन दगड मांडा, पण खापर ठेवा. इथे मी अजिबात तटस्थ नाही.

आणि मायना झडपेपाशी बसवून ठेवलंय ते उत्तम, पण त्यांना "ठेवू की टाकू" असं विचारूच नका. त्यांच्या तोंडून "टाक" निघणार नाही. "हे कोणाला देऊ?" असं विचारा. माझ्या आईने ज्या पाट्याला कोणाला हात लावू दिला नाही, तोच पाटा भाचीचं नाव काढल्यावर लगेच देऊन टाकला.

---

धुळेकर मास्तर

मोडीच्या कागदांविषयी थोडं. तुम्हाला वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दी ठरत नाहीत, आणि मोडीत आहेत म्हणून ऐतिहासिक ठेवाही ठरत नाहीत. बरेचसे सावकारी हिशेब, भरणे, कर्जरोखे निघतात. पण त्यातच एखादी वतनाची नोंद किंवा जमिनीची हद्द लिहिलेली असते. धुळ्याला वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासून. जुनी दप्तरं हेच त्यांचं काम. फोटो घेऊन आधी तिथे जा, मूळ कागद घेऊन एसटीत बसू नका.

"पूर्व खानदेश" शिक्का म्हणजे १९०६ नंतरचा कागद, त्या वर्षी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. म्हणून फार जुना म्हणून हुरळून जाऊ नका, आणि भाऊसाहेब म्हणाले त्या दृष्टीने तो कामाचा असू शकतो.

वाळवी लागलेली ट्रंक वर आणून लगेच मोकळी करा. चांगल्या ट्रंकेजवळ ठेवू नका. ओले कागद उन्हात टाकायची चूक सगळे करतात. शाई उडते, कागद कडक होऊन तुटतो. सावलीत, पंख्याखाली, जुन्या धोतरावर पसरा. चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका. सेलोटेप नाही, स्टेपल नाही, आणि कृपा करून लॅमिनेशन नाही. आमच्या नात्यातल्या एकाने आजोबांची सनद लॅमिनेट केली, आता ती आतल्या आत तपकिरी होतेय आणि बाहेर काढता येत नाही. वाळल्यावर सुती कापडात बांधा, पूर्वी दप्तरं रुमालात बांधत तशी. कपाट जमिनीपासून वर आणि भिंतीला न टेकलेलं.

शेती अवजारांचं: तिफण, चाडं, मोटेचं चाक तुम्हाला नकोच असेल तर गावच्या शाळेला विचारा. आमच्या शाळेत आम्ही एक कोपरा केलाय. पोरांना मोट म्हणजे काय हे चित्रावरून सांगून कळत नाही, चाक फिरवून दाखवलं की कळतं. फक्त एक अट घाला, सामान व्हरांड्यात पावसात टाकायचं नाही.

---

कावळा

मास्तर, रेडिओ माझ्याकडे द्यायला सांगा. व्हॉल्व्ह शाबूत असतील तर जळगावात दुरुस्त करणारा माणूस आहे. आणि ताई, जुना माल घेणारे दारात आले की पहिला भाव कधी देऊ नका, ते आधी रेडिओकडे बोट दाखवतात आणि डोळा सागाच्या तुळईवर असतो. घर पाडणारा ठेकेदार मोबदल्यात लाकूड-दगड उचलायला तयार असतो. तो सौदा आधी लिहून घ्या. तुमच्या तळघरातल्या सगळ्या सामानाहून एकटं माजघराचं लाकूड जास्त किमतीचं निघेल.

---

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. बरंच काम झालंय, थोडक्यात सांगते.

डबे सगळ्यात आधी बाहेर निघाले. गोळ्यांची डबी नव्हती, सुटलो. तालुक्याहून कृषी सहायक येऊन बघून गेले, टब सध्या गोठ्यात कुलपात आहे.

सांबरशिंगाला आमच्याकडे कागद नाही. मिस्टर पुढच्या आठवड्यात रेंज ऑफिसला जाणार आहेत. दिरांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा गप्प बसले.

लताताई, तुमचा "कोणाला देऊ" हा प्रश्न चालला. मायने हंडे दोन्ही नणंदांना, घुंगरमाळा शेजारच्या ज्यांच्याकडे अजून बैलजोडी आहे त्यांना दिल्या. एकामागून एक नावं घेत होत्या. घंगाळ मात्र "ते मन्ही सासूनं शे" (ते माझ्या सासूचं आहे) म्हणून स्वतःच्या खोलीत ठेवलंय, त्यावर कोणी काही बोललं नाही. बंब नाशिकला जातोय, जावेला त्यात झाड लावायचंय. लावू दे. खापर माझ्याकडेच राहील, हे मी घरात जाहीर करून टाकलंय, मतदान घेतलं नाही.

तिफण-मोट शाळेला. हेडमास्तरांनी टेम्पो पाठवतो म्हणून सांगितलंय. कावळे भाऊ, रेडिओ घेऊन जा, पण लायसनचं पुस्तक माझा मुलगा देत नाही. रेडिओ ऐकायला सरकारची परवानगी लागायची, हे त्याला अजून खरं वाटत नाही.

आता कागद. चांगल्या ट्रंकेत वाटणीपत्र सापडलं, आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला सापडला, तारीख भाऊसाहेबांनी सांगितलेल्या आतली. बेबाकी दाखला आहे. पण ३२ म चं काही सापडलं नाही. वाळवीच्या ट्रंकेत तळाचा थर भुगाच झालेला आहे, त्यात असेल तर गेलं. जमीन कुळाची होती हे मायना नक्की आठवतं. भाऊसाहेब, आता काय करायचं?

आणि ती कोठी! ती झडपेतून येतच नाही. कशी आत नेली असेल कोणास ठाऊक.

---

भाऊसाहेब (निवृत्त)

घाबरू नका. ३२ म दिल्यावर त्याचा फेरफार होतो. आधी तलाठ्याकडून त्या गटाचे जुने फेरफार काढा, त्यात प्रमाणपत्राचा नंबर आणि तारीख असेल. ते घेऊन तहसीलला कुळकायदा शाखेत नकलेचा अर्ज करा. जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर दोन्ही लिहा, नाहीतर कारकून एकदा परत पाठवणारच. भुगा झालेला थरही लगेच टाकू नका, स्टॅम्पचा तुकडा, नंबर काही वाचता येतो का पाहा.

---

औषधवाला, चोपडा

कोठी आत नेलेली नाही, आतच बनवलेली असणार. लोहार पत्रे खाली नेऊन तिथेच रिव्हेट ठोकायचे, आमच्या जुन्या घरातही तशीच होती. गॅस कटर खाली नेऊ नका, धूळ, सरकीचा भुसा आणि बंद जागा, आग लागेल. छिन्नीने रिव्हेटची डोकी उडवा, पत्रे सुटे होऊन वर येतात. बाहेर काढल्यावर चांगल्या पत्र्यांची गुरांची गव्हाण होते.

---

बोरीकाठची

बरोबर, आतून रिव्हेट दिसतात. लोहाराला निरोप धाडलाय, तो म्हणतो लग्नसराईत वेळ नाही, पण सोमवारी सकाळी येऊन बघतो. तलाठी ऑफिसला त्याच दिवशी दुपारी जाते.